"पंप गेला" म्हणणं बंद करा!

किल्ली फिरवली, जुनी गाडी चालू झाली नाही, की दोन मिनिटांत निकाल: "पेट्रोलचा पंप गेला भाऊ, नवा टाका." अरे, व्होल्ट मोजायचा मीटर लावला का? इंजेक्शनची (कार्ब्युरेटर नसलेली) जुनी मारुती 800 असेल तर किल्ली ऑन करून टाकीपाशी कान द्या, पंप टाकीतच असतो. दोन-तीन सेकंद गुणगुण यायला हवी. नाही आली? आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच. मग पंपाच्या प्लगवर 12 व्होल्ट, तेही पंप जोडलेला असताना! सुट्या प्लगवर कुजकी वायरसुद्धा 12 दाखवते, लोड आला की कोसळते. आणि अर्थिंग? बॉडीला गंजलेली अर्थची वायर घासायची सोडून थेट टाकी खाली उतरवता?

पद्मिनी, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या ॲम्बेसेडरला तर कमालच करतात. तिथं पंप इंजिनाच्या कॅमवर (फिरत्या उंचवट्यावर) चालतो, त्याला वायरच नसते, आणि हे फ्यूज शोधत बसतात! मे महिन्यात लातूर-परभणीच्या उन्हात पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाका, थंड होऊ द्या. तरीही पेट्रोल येत नसेल तर डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) हुंगा: ऑइलला पेट्रोलचा वास आला म्हणजे पंपातला डायफ्राम (लवचिक पडदा) फाटलाय. मग खोला की पंप, कोण अडवतंय?