परवानगीचा दगड

परवा एका आबांनी मला गुप्तधनवाला ठरवलं. करवीर तालुक्यात, भर दुपारी, खिशात शेतमालकाच्या सहीचा कागद असताना.

मला झाडापानांचे जीवाश्म हुडकायचा नाद आहे. कोल्हापुरात राहून हा नाद म्हणजे तांबड्या रश्श्यात पेढा शोधणं. पायाखाली सगळा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या रसात पान टिकतंय होय? दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ सापडला तरच काही आशा. तसा गाळ छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला आहे, तिथली खोडं-फळं दगड होऊन बसलीत. मध्य प्रदेशातच घुघवा इथे जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान, सिरोंच्याकडे वडधमचं जीवाश्म पार्क. तिथे हात मागे बांधून नुसतं बघायचं, उचलायचं नाही. उरल्या आमच्याकडच्या विहिरी. कुणी नवी खणली की मी मालकाला गाठतो, लिहून घेतो आणि ढिगाऱ्यावर बसतो.

तसाच बसलो होतो. एक दगड फुटला आणि आत काळं, नाजूक, फांद्याफांद्यांचं झुडूप निघालं. शेजारच्या बांधावरून आबा आले.

"काय गावलं पाव्हणं?"

"दगड."

"दगडाला कागुद कशाला लागतोय? म्हंजे सोनं हाय."

कागद दाखवला. तो उलटा धरून त्यांनी सही तपासली. मग दगड बघितला आणि चपला काढल्या.

"झाड हाय की ह्यात!"

"झाड नाही आबा. भेगेतून पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज असं फांद्या फुटल्यासारखं साठतं. दिसतं नेच्यासारखं, पण झाडाचा संबंध नाही."

"आंधळा हाईस व्हय रं? फांद्या हायत, पानं हायत, आनि झाड न्हाई म्हंतोस?"

जन्मभर लोकांना 'हे झाड आहे हो' म्हणून दगड दाखवत आलो, कुणी ढुंकून बघितलं नाही. आता 'नाही' म्हणतोय तर हा माणूस हात जोडून उभा! पाच मिनिटांत भावकी जमली. एक वहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या. कुणीतरी जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि माझा दगड बांधावर बसला. मालकही आले. सही त्यांचीच, पण म्हणाले, "देवाचं काम हाय, सर. दुसरा घ्या की."

दुसरा! म्हणजे वांगी निवडतोय मी.

हे सगळं चाललेलं असताना रस्त्यानं मुरमाचे तीन डंपर गेले. त्यांना कुणी कागद विचारला नाही. अख्खी टेकडी गेली तरी चालते, तळहाताएवढ्या दगडाला मात्र पंचायत बसते. कायद्यानं वागणाऱ्याचीच झडती घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बोललो असतो, पण आबांच्या हातात खुरपं होतं.

शेवटी माझ्याच कागदाच्या पाठीमागं माझ्याकडून लिहून घेतलं: 'मी इथून काही नेलेलं नाही.' सही केली. आबांनी कागद घडी करून बंडीत ठेवला. पेनही.