कुणाच्या डावीकडे?

आवाज फार मोठा झाला नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी इतपतच. पाना एकदम हलका झाला आणि मला वाटलं, सुटला! ज्यांनी गंजलेल्या बोल्टाशी कधी हुज्जत घातली आहे, त्यांना तो हलकेपणा ठाऊक असेल. आनंद अर्धा सेकंद टिकतो. मग पान्याच्या तोंडात नट दिसतो, नटात स्टडचा, म्हणजे बिनडोक्याच्या आटेदार सळईचा, तुकडा दिसतो आणि त्याचा उरलेला भाऊ इंजिनात राहिलाय हे कळतं.

मला ते कळायच्या आत समोरून आवाज आला, "तुटला."

दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा. प्लास्टिकची खुर्ची, हातात चहाचा कप.

गाडी मामाची. १९७८ सालची पद्मिनी. मामा तिला शेवटपर्यंत फिएटच म्हणायचा आणि तसं म्हणायचा त्याला हक्क होता, कारण मुळात ती फिएट ११००च. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनत होती, पद्मिनी हे बारसं दहा वर्षांनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. काळ्या-पिवळ्या रंगातली तिची शेवटची बहीण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा टॅक्सीत कधीही सरळ न बसलेले लोकही हळवे झाले होते. मीही झालो आणि त्या भरात बायकोला म्हणालो, "मामाची गाडी मी स्वतः उभी करणार." ती म्हणाली, "उभीच तर आहे." नऊ वर्षं, माहीमच्या खाऱ्या वाऱ्यात, ताडपत्रीखाली.

तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ, काढायचा होता. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, त्यातले स्टड पोलादी. तीन धातू, वर समुद्राची हवा. तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं, असा अनेक वर्षांचा संसार. नट आणि स्टड आता इतके एकरूप झाले होते की नट फिरवला की स्टड पिळला जायचा. मी पान्याला हातभर पाइप लावला. जोर वाढला. अक्कल तेवढीच राहिली.

"कुठल्या बाजूला फिरवत होतास?" आप्पांनी विचारलं.

"डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

मी वर पाहिलं. आप्पा गंभीर होते.

"म्हणजे तुझ्या, माझ्या की गाडीच्या? मी इथे समोर बसलोय. मला तू उजवीकडे फिरवताना दिसत होतास."

"आप्पा, घड्याळाच्या उलट फिरवत होतो. काट्यांच्या उलट दिशेने."

आप्पांनी कप खाली ठेवला, मनगटावरचं एचएमटी सोडलं आणि ते माझ्या आणि इंजिनाच्या मधे धरलं. "हे घड्याळ. बरोबर? आता काटे कसे फिरतात?"

"असे."

"आता हेच घड्याळ मागून बघ."

"घड्याळ मागून कोण बघतं?"

"बोल्ट बघतो! तू बोल्टच्या बाजूने विचारच करत नाहीयेस."

यावर काय बोलणार? मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्वतःला इंजिनिअर म्हणवतो आणि हातात अर्धा स्टड घेऊन घड्याळाच्या पाठीकडे बघत होतो. त्यात ते घड्याळ बंद होतं. ते लक्षात आणून दिल्यावर आप्पा म्हणाले, "दिशेसाठी चालू असायची गरज नाही."

एवढ्यात वॉचमन आला. तो टॉर्च धरायला आला होता आणि त्याने टॉर्च धरलाही, माझ्या डोळ्यांवर. त्याच्या मागून कुरिअरचा मुलगा. त्याला तिसऱ्या मजल्यावरून ओटीपी हवा होता, पण बॉनेट उघडं दिसल्यावर तो पार्सल काखेत मारून उभा राहिला. "काका, उल्टा घुमाया क्या?" मला, टक्कल असलेल्या, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला, काका. आप्पांनी त्याला घड्याळ दाखवून प्रश्न पहिल्यापासून समजावला. त्याने विचार केला आणि मत दिलं, "आजोबा बरोबर बोलतायत." वॉचमनने दुजोरा दिला. तीन विरुद्ध एक अशा मताधिक्याने, मी बोल्ट सोडवण्याऐवजी घट्ट करत होतो, असा ठराव मंजूर झाला.

मुंबईत कुणाला वेळ नसतो म्हणतात. साफ खोटं. भर रस्त्यात चक्कर येऊन पडा, लोक वळसा घालून जातील. बॉनेट उघडा, पाच मिनिटांत कोरम पूर्ण होतो. आणि जमलेल्यांपैकी एकही जण "मदत करू का?" म्हणत नाही. सगळे "काय झालं?" विचारतात आणि उत्तर संपायच्या आत स्वतःच्या मेहुण्याच्या गाडीचं सांगू लागतात.

पण माझा राग तो नाही. राग हा आहे की आप्पांनी मला आदल्या शनिवारी सांगितलं होतं.

आप्पांनी आयुष्यात पाना धरलेला नाही. ते सरकारी कचेरीत होते, ३३ वर्षं आवक-जावक. शनिवारी ते म्हणाले होते, "अरे, अडकलेली फाइल आणि अडकलेला नट, दोन्ही ओढायचं नसतं. तेल घालायचं, तीन दिवस विसरायचं, चौथ्या दिवशी नुसतं जाऊन विचारायचं." वर जाऊन त्यांनी स्टोव्हच्या जमान्यातली रॉकेलची बाटली आणून दिली होती. तिच्यावर काकूंच्या अक्षरात 'पाणी नाही' असं लिहिलेलं. मी हसून ती बाजूला ठेवली. आता वाचून कळतं की आप्पा शंभर टक्के बरोबर होते. पातळ तेल आट्यांच्या फटीतून आपलं आपण आत शोषलं जातं, पण गंजातून वाट काढायला त्याला वेळ लागतो. वर नटाला गॅसची धग द्यायची, पाव वळसा सैल, पाव वळसा घट्ट, असं समजावत आणायचं. म्हणजे थोडंसं घट्टही करायचं असतं. हे मी आप्पांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात गेलो. तुटलेला स्टड काढायला ईझी आउट नावाचं हत्यार मिळतं. स्टडला मधोमध भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा हा खिळा ठोकायचा आणि सोडवायच्या दिशेने फिरवायचा. जितका फिरवाल तितका तो रुततो आणि स्टडला घेऊन बाहेर येतो. या वर्णनात 'मधोमध' हा एकच शब्द महत्त्वाचा आहे. माझं ड्रिल पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे निघालं, कारण यंत्रालाही सोपं काम आवडतं. भोक तिरकं पडलं. तरी मी ईझी आउट ठोकला, फिरवला.

सुपारी.

आता इंजिनात स्टड होता आणि स्टडात ईझी आउट होता. ईझी आउट फार कडक असतो, त्यामुळे त्याला साधं ड्रिल लागत नाही. या नावात ईझीही खोटं आणि आउटही खोटं. खुर्चीतून प्रश्न आला, "हा कुठल्या बाजूला फिरवलास?"

त्याच संध्याकाळी जिन्यात नोटीस लागली. 'सोसायटीच्या आवारात वाहनदुरुस्ती करू नये. सभासदांना त्रास होतो.' नाव नाही, पण आवारात दुरुस्त होण्याजोगं वाहन एकच. मी दोन संध्याकाळी मिळून फार तर चाळीस मिनिटं ड्रिल चालवलं असेल. पहिल्या मजल्यावर गेले तीन महिने लाद्या फोडतायत, दुपारी दोन ते चार, घरात म्हातारी माणसं झोपलेली असताना. त्याची नोटीस नाही, कारण ते 'नूतनीकरण' आहे आणि माझा 'खाटखूट'. एसयूव्ही दोन जागा अडवून उभी राहिली तर सेक्रेटरी तिच्या आरशात केस नीट करतात. जुनी गाडी दिसली की त्यांना नियम आठवतात. मामाने या आवारात गाडी आणली तेव्हा आख्ख्या बिल्डिंगला हार घालायचे होते तिला. असो. नाही, असो नाही, पण काय करणार?

शेवटी हेडच उतरवलं. जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन टॅक्सीने कुर्ल्याला एका गाळ्यात नेलं. तिथे स्पार्कचं मशीन आहे. धातूला टोक न लावताच, तेलात बुडवून, विजेच्या बारीक ठिणग्यांनी तो कणाकणाने खातं ते. कितीही कडक असला तरी त्याला फरक पडत नाही. कारागिराने हेड उलटंपालटं केलं, तिरक्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. एवढा सुसंस्कृत माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही. त्याने स्टडही काढला आणि ईझी आउटही. वाकडे झालेले आटे मोठे करून आत स्प्रिंगसारखी नवी वेटोळी बसवून दिली. जिथे माझं डोकं, हात आणि शनिवार-रविवार गेले, तिथे त्याला दीड तास लागला. पैसे सांगत नाही. बायको हा लेख वाचते.

काल मॅनिफोल्डच्या दुसऱ्या टोकाची पट्टी काढायला बसलो. तिथला बोल्ट तसाच, गंजून एकजीव. मी पाना बाजूला ठेवला, 'पाणी नाही' उघडली आणि चार थेंब सोडले. आप्पांनी खिशातून छोटी वही काढली, लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "रॉकेल घातले. मंगळवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पुढील विचार शुक्रवारी."

"सहा दहा कशावरून? तुमचं घड्याळ बंद आहे."

"तू मागून बघतोयस," ते म्हणाले आणि चहा प्यायला वर गेले.

ते वर गेले म्हणून मी पाना उचलला. नुसता लावून बघायला. जिन्याच्या खिडकीतून आवाज आला, "शुक्रवारी!"