ब्राइटनेसची पट्टी, डिमर अ‍ॅप आणि जुनं विंडोज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विंडोज ७ च्या लॅपटॉपवर ब्राइटनेस कमी-जास्त होत नसेल तर काय करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. नाराजीने लिहिलंत, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या सिस्टिमवर लोकांना अडकवून ठेवू नका, नवा लॅपटॉप घ्यायला सांगा. स्क्रीन मंदच करायची तर फुकटचं डिमर अ‍ॅप दोन मिनिटांत ते काम करतं, ड्रायव्हरच्या, म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रामच्या, मागे लागायचं कारण नाही. आणि तिसरं, लेखात सांगितलेलं सगळं तुम्ही केलंत, तरी तुमच्याकडे पट्टी नुसती सरकते, उजेड तसूभरही हलत नाही.

डिमरपासून सुरुवात करतो. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो.

एलसीडी पॅनलला स्वतःचा उजेड नसतो. उजेड मागच्या बॅकलाइटचा. जुन्या लॅपटॉपमध्ये तिथे बारीक सीसीएफएल ट्यूब आणि तिला चालवणारा इन्व्हर्टर असायचा, नंतर एलईडी आले. ब्राइटनेस खाली आणला की हा मागचा दिवा मंद होतो. डिमर अ‍ॅप त्या दिव्याला हातच लावत नाही. ते चित्रावर काळपट थर चढवतं किंवा रंगांचे आकडे खाली ओढतं. खोलीतली ट्यूब तशीच ठेवून आपण डोळ्यांवर काळा चष्मा चढवावा, तसला प्रकार. बॅटरी पहिल्याइतकीच खर्च होते, कारण दिवा पूर्ण ताकदीने पेटलेलाच असतो.

तो लेख ज्यांच्या लॅपटॉपमुळे लिहिला गेला, त्या ताई मराठी डीटीपी करतात. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. पानं लावायला पेजमेकर ७.० आणि डोंगलवर, म्हणजे मशीनला परवान्याची किल्ली म्हणून जोडायच्या छोट्या उपकरणावर, चालणारं मराठी फाँटचं जुनं पॅकेज. घर लालबागला, चाळीत, १० बाय १२ ची खोली. काम रात्रीच होतं, कारण दिवसा घरात टेबल मोकळं नसतं, आणि रात्री हाताच्या अंतरावर सासूबाई आणि शाळकरी मुलगा झोपलेले असतात. लॅपटॉपला कुणीतरी फॉरमॅट मारून दिला आणि तेव्हापासून स्क्रीन फुल ब्राइटनेसवर अडकली. त्यांनीही आधी डिमरच टाकला होता, तोच तुम्ही सुचवता तो मार्ग.

मी तो स्क्रीन पाहिला आहे. पान करडं झालेलं, पण माउसचा बाण मात्र लख्ख पांढरा, कारण असे बरेच डिमर बाणावर थर चढवू शकत नाहीत. खोलीतला दिवा घालवल्यावर दिसायला हवा तो काळा रंग कुठेच नाही, सगळीकडे राखाडी, कारण मागचा उजेड पिक्सेलमधून झिरपतोच. अहवालात जाहिरातींच्या चौकटीला हलका करडा टिंट दिलेला होता. तो कागदाच्या पांढऱ्यात जवळजवळ मिसळून गेलेला. यात नवल काही नाही. स्क्रीनला प्रत्येक रंगाच्या २५६ छटा दाखवता येतात, सॉफ्टवेअरने आकडे निम्म्यावर आणले की त्यातल्या साधारण १२८ च वापरात उरतात. जिला रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेषा तपासून पान छापखान्यात पाठवायचं आहे, तिला असा स्क्रीन देऊन 'झालं काम' म्हणणं मला पटत नाही. रात्री मोबाइलवर मालिका बघणाऱ्याला डिमर खुशाल चालेल. तिथे माझी काहीच हरकत नाही.

आता नव्या लॅपटॉपचं. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षेची अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. अशा मशीनवर नेट बँकिंग करू नये, ईमेलमधून आलेल्या फाइली बिनधास्त उघडू नयेत, हे मी लेखातही म्हटलं होतं. पण 'अपग्रेड करा' म्हणजे नेमकं कशावर? विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, जुना लॅपटॉप तिथे दारातच अडतो. पेजमेकर ७.० आलं २००१ मध्ये आणि त्याच्यापुढे मोठी आवृत्ती निघालीच नाही. त्यातल्या कित्येक वर्षांच्या फाइली, त्या फाँटची बसवलेली कीबोर्डची सवय, डोंगलचा ड्रायव्हर, हे सगळं नव्या मशीनवर हलवायचं म्हणजे नुसत्या लॅपटॉपची किंमत धरून भागत नाही. गिरगाव-दादर भागात अशी डीटीपीची आणि स्टिकर कटिंगची दुकानं आजही आहेत, जिथे एक जुनं मशीन एकाच कामासाठी, इंटरनेटची वायर काढून, नीट चाललेलं आहे. या लोकांना ब्राइटनेस दुरुस्त करून मिळाला पाहिजे. त्यांनी धंद्याची सगळी घडी मोडावी, असं एका बिघडलेल्या पट्टीसाठी मी सांगणार नाही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूने आहे. इंटेलच्या सातव्या पिढीच्या, म्हणजे केबी लेकच्या लॅपटॉपवर कुणी हट्टाने विंडोज ७ टाकलं असेल, तर तिथे ब्राइटनेसमागे वेळ घालवू नये. त्या पिढीच्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज ७ चा ड्रायव्हर दिलेलाच नाही. तिथे सिस्टिम बदलणं हाच उपाय.

तर तुमचा लॅपटॉप. तुम्ही लिहिलंत, 'पट्टी आहे, सरकते, उजेड बदलत नाही.' हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. लोक 'ब्राइटनेस चालत नाही' एवढंच सांगतात आणि त्यात तीन वेगळे आजार एकत्र होतात. पट्टीच गायब असेल तर बहुतेक वेळा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या खाली 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे फॉरमॅटनंतर खरा ड्रायव्हर कुणी टाकलेलाच नाही. लालबागच्या लॅपटॉपचं तेच होतं. पट्टीने उजेड बदलतो पण एफएन धरून दाबायची बटणं मेली आहेत, असं असेल तर ग्राफिक्सला दोष देऊ नका. लॅपटॉपच्या कंपनीचं हॉटकीचं पॅकेज राहून गेलेलं असतं, ते टाकलं की बटणं चालू. तुमचं तिसरं: पट्टी हुकूम देते आणि तो बॅकलाइटपर्यंत पोहोचत नाही.

सगळ्यात आधी विंडोजच्या बाहेर जाऊन बघा. लॅपटॉप चालू करून बायोसच्या पानावर, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर, थांबा आणि तिथे ब्राइटनेसची बटणं दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर ती तिथेही चालतात. शिवाय चार्जरची पिन काढून बघा, काही मशीन बॅटरीवर गेल्याबरोबर आपोआप मंद होतात. यापैकी कशानेही उजेड हलला, तर दिवा आणि त्याच्या तारा धडधाकट आहेत आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे.

तिथे मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मॉनिटर्स' उघडा. 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' बंद केलेला असेल तर चालू करा. दूरून मशीन चालवायच्या काही प्रोग्रामांचा स्वतःचा डिस्प्ले किंवा मॉनिटर ड्रायव्हर असतो. तसलं काही टाकलं असेल तर ते काढून पुन्हा बघा. नंतर ग्राफिक्स कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. व्हीईएनच्या पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एनव्हिडिया. दोन कार्डं दिसली तर दोघांचेही आकडे टिपून ठेवा. दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन बहुधा इंटेलला जोडलेला असतो, आणि दुकानवाला दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर मन लावून टाकत बसतो.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, त्याच मॉडेलचा. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा), मग ग्राफिक्सचा, मग हॉटकीचा. सगळ्या लॅपटॉपांना चालणारी म्हणून जी ड्रायव्हरची डीव्हीडी फॉरमॅटवाले सोबत ठेवतात, ती कृपा करून टाळा. ती 'चालणारा' ड्रायव्हर टाकते, म्हणूनच पट्टी येते आणि उजेड हलत नाही. तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय याचाच आहे.

ड्रायव्हर टाकताना 'कोड ५२' आला आणि ड्रायव्हरची डिजिटल सही तपासता येत नाही असं विंडोज म्हणू लागलं, तर ड्रायव्हर वाईट आहे असं समजू नका. जुन्या डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला एसएचए-२ पद्धतीची सही ओळखता येत नाही. सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर २०१९ मध्ये आलेलं केबी ४४७४४१९ हे अपडेट लागतं. सही तपासणं बंद करून ड्रायव्हर रेटायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, तो घेऊ नका.

रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातली, 'फीचर टेस्ट कंट्रोल' ही नोंद मी लेखात अगदी शेवटी ठेवली होती आणि ती तुम्ही सर्वांत आधी बदललीत, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ती इंटेलच्या ड्रायव्हरची आतली नोंद आहे. एएमडी किंवा एनव्हिडियावर तिचा काही उपयोग नाही, आणि इंटेलवरसुद्धा ड्रायव्हर नव्याने टाकला की ती मूळ पदावर येते. म्हणजे तुम्ही आधी नोंद बदलली आणि मग ड्रायव्हर टाकला असेल, तर तो बदल पुसला गेला. आता तिला हात लावू नका. खरा ड्रायव्हर बसल्यावरही अडलं, तरच तिथे जा, आणि जाण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा.

बायोसमध्येही उजेड हलला नाही आणि बटणं तिथे चालतात हे तुम्हाला पूर्वीपासून माहीत असेल, तर मला एकच सांगा: या लॅपटॉपचं पॅनल कधी बदललं आहे का? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॅनल तासाभरात बदलून मिळतं, पिना जुळल्या की चित्र येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघतं. पण ब्राइटनेसचा सिग्नल पॅनलला वेगळ्या पिनेवरून जातो. नवं पॅनल तो नीट घेत नसेल तर चित्र उत्तम आणि दिवा मात्र कायम फुल, असं होऊ शकतं. त्यावर ड्रायव्हर, रजिस्ट्री, अपडेट यांपैकी काहीच लागू पडणार नाही. जुनं पॅनल घरात पडलं असेल तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि ग्राफिक्सचा हार्डवेअर आयडी, दोन्ही इथेच लिहून पाठवा. दुकानात जाताना स्टिकरचा फोटो सोबत न्या आणि 'चालेल असं' पॅनल न घेता त्याच नंबरचं मागा. बसवून झालं की पैसे देण्याआधी काउंटरवरच ब्राइटनेस वर-खाली करून बघा.