डिझेलमध्ये पेट्रोल मिसळू नका

‘थंडीत जुनी डिझेल गाडी एका सेल्फात सुरू व्हायला टाकीत लिटरभर पेट्रोल घाला’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पेट्रोल तसं सहजी पेटत नाही, उलट इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं वंगण कमी होतं. पंपाचं काम निघालं की खिसा रिकामा!

जुन्या गाड्यांत दोष बहुधा हीटर प्लगचा, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचा. एखादा जळाला तर तेवढा सिलिंडर सकाळी मिसिंग करतो, म्हणजे त्यात डिझेल नीट पेटत नाही, मागून पांढरा धूर येतो. चावी फिरवल्यावर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. बॅटरी मरगळलेली असेल तर मात्र प्लग बदलूनही उपयोग नाही.