पावणीतला नारळ आणि कंपनीचं मॅचिंग

परवा ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला. या महिन्यात आवडत्या संस्थेला देणगी द्या, कंपनी तेवढेच पैसे वर घालेल, फक्त ८०जीची, म्हणजे देणगीवर करात वजावट मिळवायची, पावती पोर्टलवर चढवा. खाली टाळ्यांचा पाऊस. प्रत्यक्षात पावत्या किती चढतात ते मला ठाऊक आहे, कारण त्या तपासायच्या कमिटीत मीच आहे. त्यात नव्या करपद्धतीत ८०जीची वजावट मिळत नाही, त्यामुळे पावती मागायचाही लोकांना कंटाळा.

कंपनीने असे तेवढेच पैसे घालणं, म्हणजे मॅचिंग, मला आवडतं, हे आधीच सांगतो. मायक्रोसॉफ्ट ते १९८३ पासून करतेय. सेल्सफोर्सने तर १९९९ मध्ये कंपनी काढतानाच भांडवल, प्रॉडक्ट आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांतला एकेक टक्का समाजासाठी बाजूला काढायचं ठरवलं. पण गोव्यातल्या डिचोलीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीची पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, आठवा. देवापुढचा नारळ, केळ्यांचा घड, एखादं तवशें (काकडी). बोली शंभरावरून सुरू होते, कुणीतरी मागून ‘पाचशें’ ओरडतो, मग दोन भाऊच एकमेकांवर चढतात आणि तीस रुपयांचा नारळ दोन हजारांना जातो. बायको घरी गेल्यावर काय म्हणते ते वेगळं! पण त्या दोन हजारांतून मांडवाचे पत्रे येतात की लाईटचं बिल जातं, हे बोली लावणारा विचारत नाही. पैसे वाड्याचे, गरज वाड्याला माहीत.

कंपनीच्या पैशाचं घोडं इथेच अडतं. आमच्या तालुक्यात दिव्यांग मुलांचं एक छोटं केंद्र आहे. मागच्या महिन्यात गेलो तर कोपऱ्यात लॅपटॉपचे बारा खोके, वर कुठल्याशा कंपनीचा स्टिकर, सील तसंच. मुलांना आणायची गाडी अंगणात उभी, टायरांवर पावसाळ्याचं शेवाळ. केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, “पुता, कंप्युटर आयले, पूण भुरगीं हाडपाक ड्रायव्हर ना.” मुलांना आणायला ड्रायव्हरच नाही. पगार परवडेना म्हणून तो कळंगुटला टॅक्सीवर गेला.

पगाराला पैसे द्या म्हटलं की कंपन्या ‘ओव्हरहेड पाच टक्क्यांच्या वर चालत नाही’ म्हणून हात झटकतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, कारभारावरच्या खर्चाची आहे हो! मुलांना केंद्रात आणणारा ड्रायव्हर हा कारभार नाही, तोच प्रकल्प. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चायचा कायदा २०१४ पासून लागू आहे, आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही त्यात लिहिलंय, पण गोव्यात शाखा आणि मुख्य कचेरी बंगळुरात असली की ‘आसपास’ कुठलं, हे बंगळूर ठरवतं.

आणि ते शनिवारचं श्रमदान. त्याच केंद्राची तीच भिंत दोन वर्षांत तीनदा रंगवली गेलीय, पहिल्या फुलपाखरावर दुसरं फुलपाखरू. कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, तरी हौस दांडगी, कारण फोटो छान येतात. मीही ब्रश घेऊन उभा होतो एका फोटोत. टी-शर्ट अजून घरी आहे, आय त्याने ओटा पुसते.

कमिटीत मी एवढंच मांडलं: मॅचिंग एका महिन्याचा उत्सव नको, पगारातून दरमहा दोनशे-पाचशे कापून घ्या, कंपनीने तेवढेच घालावेत आणि ते कशावर खर्चायचे हे संस्थेने ठरवावं. वीस जण जमले तरी ड्रायव्हरच्या पगाराला चांगलाच हातभार लागतो. एचआरचं उत्तर आलं, प्रस्ताव फॉर्ममध्ये भरा. फॉर्ममध्ये ‘देणगीचा उद्देश’ या रकान्यात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, उपकरणं. पगार नाही. मी ‘इतर’वर टिक केली आणि लिहिलं: ड्रायव्हर, एक, दरमहा.

वीसांपैकी सात नावं झालीत. आमच्या ऑफिसातले कोण वाचत असाल तर मेसेज करा.