हप्ता थकवून दशमांश?

ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. सार असं: कर्ज कितीही असो, पगार झाला की आधी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवासाठी काढा. जो काढत नाही तो देवाला लुबाडतो, म्हणून त्याचं कर्ज फिटत नाही. जो काढतो त्याला शंभरपट मिळतं. माणसांपुढे हात पसरू नका. खाली दशमांश कोठारात आणायला सांगणारं बायबलचं वचन, मलाखी 3:10, आणि ‘आमेन लिहून पुढे पाठवा’.

दशमांशाला माझा विरोध नाही. थकलेल्या हप्त्यातून तो काढायला सांगण्याला आहे.

मलाखीच्या त्या वचनातच दशमांश कशाला, ते लिहिलंय: मंदिरात अन्न असावं म्हणून. तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुराढोरांचा वाटा होता. बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 14:28-29 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिराचे सेवक), परदेशी, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे मायक्रोफायनान्सचे तीन हप्ते थकलेली विधवा त्या कोठारात भरायला नाही, तिथून न्यायला आली असती. संदेशाने तिला उलट्या रांगेत उभं केलंय. मलाखीच्या त्याच अध्यायात पाच वचनं वर, मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना नाडणारे यांच्याविरुद्ध देव साक्ष देणार असल्याचं लिहिलंय. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘दशमांश दिला नाही म्हणून कर्ज’ हे तर 2 राजे 4 समोर टिकतच नाही. तिथली बाई संदेष्ट्यांच्या शिष्यमंडळातल्या माणसाची बायको. नवरा देवभीरू होता, तरी कर्ज ठेवून मेला आणि सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आला. अलीशा संदेष्ट्याने तिला दशमांशाचा हिशेब विचारला नाही. घरात काय आहे, एवढं विचारलं. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावली, एकदोन नव्हे, भरपूर. हात पसरू नका म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. भांडी तेलाने भरली तेव्हा तो म्हणाला, तेल विक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू नि तुझी मुलं जगा. चमत्काराच्या पैशातही आधी सावकार, मग घर.

शंभरपटीचं वचन मार्क 10:30 मधलं. येशू आणि सुवार्तेसाठी घरदार, शेतं सोडणाऱ्यांना उद्देशून, आणि त्यात ‘छळासह’ असंही आहे. तो भाग गाळला की वचन चिटफंडाच्या जाहिरातीसारखं वाजतं. कर्जाच्या संदर्भात शंभराचा आकडा नहेम्या 5:11 मध्ये सापडतो, पण उलटा: शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण घेणाऱ्या श्रीमंतांना यहूदाचा अधिकारी नहेम्या याने ती परत करायला लावली, सोबत व्याज म्हणून घेतलेला शंभरावा भागही. महिन्याला शेकडा एक, असं बहुतेक भाष्यकार मानतात. आज क्रेडिट कार्डावर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास लागतं.

तोच हिशेब करू. पगार 20,000, कार्डावर थकबाकी 50,000. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315. अडीच हजार भरले तर मुद्दल 435 रुपयांनीच उतरतं. दशमांशाचे 2,000 त्यात घातले तर 2,435 रुपयांनी. फरक पाचपटीहून जास्त, आणि यासाठी कुणाला आमेन लिहावं लागत नाही. स्तोत्र 37:21 मध्ये उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हटलंय. सावकाराला कबूल केलेला पैसा आपला उरलेलाच नसतो, मग तो अर्पणाच्या थैलीत कसा टाकायचा?

मग कर्जदाराने काहीच द्यायचं नाही? द्यावं. प्रेषित पौल 2 करिंथ 8:12 मध्ये सांगतो की मनाची तयारी असली तर दान जवळ जे आहे त्याप्रमाणे मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. पन्नास रुपये द्या, नाहीतर रविवारी उपासनेनंतर चटया गोळा करा.

आणि कर्ज लपवू नका. पाळकांना, पंचांना सांगा, मदतनिधी असेल तर मागा. ज्या कर्जाचं व्याज जास्त ते आधी फेडा. आणि सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली तो गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात करता येते.