ज्या दगडांना राजा नाही

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद धुमसतोय. धाकट्या काकांचं म्हणणं, पडलेले वाडे, तट पुन्हा जसेच्या तसे उभारा, पोरांना वैभव दिसू द्या. मामेभाऊ म्हणतो, नवीन दगड लावला की तो किल्ला राहत नाही, देखावा होतो. मी मामेभावाच्या बाजूने. पण बोर्गरला जाऊ लागल्यापासून मला या वादातली एक गोष्ट जास्त सलते: आम्ही सगळे नागपूरचे, आणि आमच्या दाराशी असलेली जुनापाणीची प्राचीन दगडी वर्तुळं यात एकदाही आली नाहीत.

बोर्गर हे नेदरलँड्सच्या द्रेंथे प्रांतातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. आमच्या इथल्या घरापासून अर्ध्या तासावर. गावाच्या कडेला ओकच्या झाडांखाली देशातलं सर्वांत मोठं ‘ह्युनेबेड’ आहे: साडेबावीस मीटर लांब, वर नऊ छतशिळा, त्यातली सर्वांत जड सुमारे वीस टनांची. पाच हजार वर्षांहूनही आधी इथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी बांधलेली ही सामुदायिक कबर. शिळा हिमयुगातल्या बर्फाने स्कँडिनेव्हियातून ढकलत आणलेल्या. रेताड, आम्ल मातीत हाडं टिकत नाहीत, म्हणून आत सापडली ती मुख्यतः खापरं, नरसाळ्यासारख्या गळ्याच्या भांड्यांची. या लोकांचं नाव कुणाला माहीत नाही. ना राजा, ना लढाई, ना पोवाडा.

‘ह्युन’ म्हणजे राक्षस. १६६० मध्ये योहान पिकार्ट या धर्मोपदेशकाने आपल्या पुस्तकात हे दगड राक्षसांनीच रचले असं लिहिलं होतं. मग १६८५ मध्ये टिटिया ब्रोंगर्स्मा ही कवयित्री बोर्गरला नातेवाइकांकडे आली आणि तिने इथे उत्खनन करवलं. या देशातल्या अगदी सुरुवातीच्या उत्खननांपैकी ते एक. त्या काळी एका बाईने कुदळ लावून जमिनीला प्रश्न विचारावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डच लोक जन्मजात वारसाप्रेमी असतात, असं मात्र कुणी समजू नये. १७३० च्या सुमारास समुद्री किड्याने बंधाऱ्यांची लाकडं पोखरली, तेव्हा बंधाऱ्यांसाठी दगडाला सोन्याचा भाव आला आणि ह्युनेबेडं फुटू लागली. म्हणून २१ जुलै १७३४ रोजी द्रेंथेच्या शासनाने हे दगड हलवायला बंदी घातली. तोवर किती गेली, कोण जाणे. आज ५४ उरली आहेत, त्यांतली ५२ द्रेंथेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हावेल्टेचं एक ह्युनेबेड विमानतळासाठी उखडून पुरलं. युद्धानंतर ते पुन्हा उभं केलं गेलं.

ते उभं करणारे पुरातत्त्वज्ञ ए. ई. फान गिफेन यांचं काम माझ्या घरच्या वादाला थेट उत्तर देतं. त्यांनी प्रत्येक ह्युनेबेडला क्रमांक दिला. बोर्गरचं ते डी २७. जिथला दगड नाहीसा झाला होता, तिथे मातीतली खूण शोधून त्यांनी खळगा काँक्रीटने भरला, जमिनीच्या पातळीपर्यंतच. नवा दगड उभा केला नाही. चालताना पायाखाली ती करडी चकती येते आणि कळतं, इथे एक होता, आता नाही. काकांना मी हेच लिहिलं: जे गेलं ते गेलं म्हणून दाखवण्यातही पोरांना शिकण्यासारखं खूप आहे.

आता जुनापाणी. काटोल रोडवर, नागपूरपासून दहाएक किलोमीटरवर, सुमारे तीनशे शिलावर्तुळं. लोहयुगातली, म्हणजे जवळपास तीन हजार वर्षं जुनी दफनं, आणि काही दगडांवर वाटीसारखे खळगे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरून १८७९ मध्ये त्यांवर लिहिलं, वस्तू पार ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोचल्या. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी विदर्भातलीच टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड ही ठिकाणं खणली. माहुरझरीला तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेला घोडा पुरलेला निघाला, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी. हे पंचवीस वर्षं नागपुरात राहून मला शाळेत कुणी सांगितलं नाही. इथे माझी लेक सहा वर्षांची असताना शाळेच्या सहलीहून आली आणि ओंडक्यांवरून शिळा कशा सरकवल्या असतील, ते जेवणाच्या ताटात पेन्सिली मांडून दाखवू लागली.

भारतात कायदा नाही असं नाही. १९५८ चा आहे, संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरमध्ये बांधकामबंदीही आहे. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं नांगराखाली, गिट्टीच्या खाणीत, वाढत्या वस्तीत चालली आहेत. किल्ल्याचा एक चिरा ढळला तर महाराष्ट्र पेटून उठतो, आणि उठायलाच हवा. वर्तुळातला दगड गेला तर कुणाची जयंती-पुण्यतिथी अडत नाही, कुणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही. आमचं प्रेम नावावर आहे, जुनेपणावर नाही, हे मला टोचतं.

डिसेंबरात आम्ही नागपूरला जातोय. मामेभावाने गाडी काढायचं कबूल केलंय, काकाही येतो म्हणाले. लेकीने आत्ताच विचारलंय, तिथल्या वर्तुळांना नंबर आहेत का. नसले तर वहीत आम्ही आमच्यापुरते देऊ, एकेका वर्तुळाचे दगड मोजून.